फोर-के लिहिलेलं सगळंच फोर-के दिसत नाही : ओटीटी आणि डिस्क यांची घरच्या घरी पारख

मागच्या दिवाळीत कोल्हापूरच्या मावशीकडे नवा ५५ इंची टीव्ही आला. खोक्यावर फोर-के, ओटीटीच्या पानावर फोर-के, तरी मावशीची तक्रार एकच : "अगं, अंधार पडला की सगळा चिखल होतो." मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. पडद्यावर एका वाड्यातली रात्र होती, कोनाड्यात कंदील. त्याचा उजेड भिंतीवर हळूहळू विरत जायला हवा होता. त्याऐवजी कापलेल्या खोडावर दिसतात तशी वर्तुळं भिंतीवर उमटली होती, आणि अंधार सुरू व्हायचा तिथे बारीक चौकोन वळवळत होते. माणूस हलला की चौकोनही हलायचे.

टीव्हीत बिघाड नव्हता. त्या रात्री एक पैसाही न खर्च करता आम्ही चित्र बरंच सुधारलं. उरलेली उणीव दुसऱ्या दिवशी डिस्क लावल्यावर कळली. आम्ही ज्या क्रमाने गेलो त्याच क्रमाने इथे सांगते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण आधी महागडा प्लेअर घेतात आणि टीव्ही दुकानातल्या भडक सेटिंगवर तसाच राहतो.

पायरी १ : ठिपके आणि रांगोळी

सगळा घोळ एका समजुतीतून होतो : फोर-के म्हणजे चांगलं चित्र. फोर-के म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या, आडवे ३८४० आणि उभे २१६०. फुल एचडीत, म्हणजे १०८०पीमध्ये, १९२० गुणिले १०८०. पाल, म्हणजे भारतात चालणाऱ्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६.

आता ठिपक्यांची रांगोळी आठवा. अंगणात पन्नास ठिपक्यांच्या पन्नास ओळी मांडल्या, पण डब्यात रंग मूठभरच. मग काय करणार? मधल्या फुलात नीट रंग भराल आणि कडेची पानं एकाच फिक्या रंगात उरकाल. चित्रपट पाठवणारं यंत्र नेमकं हेच करतं. दर सेकंदाला जेवढी माहिती वापरायची मुभा असते तिला बिटरेट म्हणतात, आणि ती मेगाबिटमध्ये मोजतात. ठिपके कितीही असोत, डब्यात रंग किती आहे ते बिटरेट सांगतो.

थोडं गणित करू, कारण आकडा पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही. फुल एचडी चित्र अजिबात न दाबता, म्हणजे त्यातली माहिती कमी न करता ठेवलं, तर सेकंदाला साधारण ६०० मेगाबिट लागतात. ब्लू-रे डिस्कवर ते ३० मेगाबिटच्या आसपास आणतात, म्हणजे वीस पट दाबतात. ओटीटीवर तेच चित्र ५ मेगाबिटमध्ये आलं, तर १२० पट दाबलेलं असतं. फोर-केचा मूळ पसारा सेकंदाला सुमारे ३००० मेगाबिटचा. फोर-के डिस्कवर तो ६० मेगाबिट धरला तर पन्नास पट दाब, ओटीटीवर १५ धरला तर दोनशे पट. अडीच तासांच्या चित्रपटासाठी डिस्कवर ६७ जीबी आणि ओटीटीवर १७ जीबी, असा हा हिशोब.

इथे ओटीटीवर अन्याय व्हायला नको. दाबण्याच्या पद्धतीही सुधारत गेल्या आहेत. डीव्हीडीवर एमपेग-२ होती, ब्लू-रेवर मुख्यतः एच.२६४ आली, तर ओटीटी आता एचईव्हीसी आणि एव्ही-वन वापरतं. एचईव्हीसी साधारण निम्म्या माहितीत एच.२६४ इतकंच चित्र देते. त्यामुळे ओटीटीचे ५ आणि ब्लू-रेचे ३० मेगाबिट यांच्यात डोळ्यांना सहा पट फरक दिसत नाही. पण फोर-के डिस्कवरही एचईव्हीसीच असते. तिथे पद्धत एकच, आणि रंग मात्र चौपट.

पायरी २ : फरक कुठे शोधायचा

उजेडातला, शांत बसून बोलणाऱ्या दोन माणसांचा प्रसंग लावून तुलना करू नका. तिथे ओटीटी आणि डिस्क यांत फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो रंगाचा डबा रिकामा पडतो तिथे. धूर, धुकं, पाऊस, वाऱ्यावर हलणारं गवत, समुद्राचा फेस, उधळलेला गुलाल, रात्रीचं आकाश, मावळतीची लाली : अशा ठिकाणी एक तर पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सतत बदलत असतो, नाहीतर रंगाच्या छटा इतक्या हळू बदलतात की यंत्र त्यांना एकाच पट्ट्यात कोंबतं.

तुमच्या आवडीच्या चित्रपटातले असे तीन प्रसंग निवडा आणि वहीत त्यांची मिनिटं लिहून ठेवा. मग खोलीतला दिवा मालवून हे पाहा :

उजेडापासून अंधारापर्यंत भिंत एकसंध दिसते, की पट्टे पडतात?

काळ्या कोटाच्या घड्या दिसतात, की कोट म्हणजे नुसतं भोक?

गर्दीच्या दृश्यात कॅमेरा वळला की मागच्या माणसांचे चेहरे मेणासारखे होतात का?

जुना, फिल्मवर चित्रित केलेला चित्रपट असेल तर चित्रावर बारीक जिवंत कण हलताना दिसतात का, की कातडी तुकतुकीत झाली आहे?

शेवटच्या प्रश्नावर मी थोडी रेंगाळणार आहे. या कणांना ग्रेन म्हणतात, आणि लोक त्याला खराबी समजतात. तो फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांतून आलेला पोत आहे, हातमागाच्या कापडाला असतो तसा. प्रत्येक चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, ग्रेन वेगळा असतो, म्हणून दाबायला सगळ्यांत अवघड. माहिती कमी पडली की सर्वांत आधी त्याचाच बळी जातो आणि त्याच्याबरोबर गालावरची लव, साडीचं सूत, भिंतीचा गिलावाही पुसला जातो. एव्ही-वनमध्ये मूळ ग्रेन काढून टाकून टीव्हीवर तसाच दुसरा पेरायची सोय आहे. दिसतं बरं, पण तो मूळ ग्रेन नव्हे.

२०१९च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटच्या मोसमातली रात्रीची लढाई जगभरच्या प्रेक्षकांना धड दिसली नव्हती. अंधार, धूर, बर्फ आणि धावपळ, चारही गोष्टी एकाच वेळी. छायाचित्रण मुद्दाम अंधारं होतं हे खरं, पण त्या अंधारात उरलेल्या बारीक छटा कमी बिटरेटमध्ये टिकल्या नाहीत.

पायरी ३ : आधी टीव्ही सरळ करा

मावशीचा टीव्ही 'विविड'वर होता. दुकानातल्या लखलखाटात इतर टीव्हींमध्ये उठून दिसावा म्हणून हे सेटिंग असतं. घरात ते रंग भडक करतं, कडा टोकदार करतं, आणि ओटीटीच्या चित्रातले दडलेले चौकोनही वर काढतं.

पिक्चर मोडमध्ये जाऊन 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा असेल तर 'फिल्ममेकर मोड' निवडा. हा शेवटचा मोड २०१९मध्ये जाहीर झाला. टीव्हीने स्वतःची कारागिरी बंद ठेवावी आणि चित्र बनवणाऱ्यांनी ठरवलं तसं दाखवावं, हा त्यामागचा हेतू. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल. डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय लागलेली असते, ती जायला वेळ द्या. मावशीने पहिल्याच मिनिटाला "आजारी दिसतंय" म्हटलं होतं. चौथ्या दिवशी तिने जुना मोड लावून पाहिला आणि स्वतःच परत बदलला.

मग शार्पनेस कमी करा. बहुतेक टीव्हींवर तो शून्याच्या जवळ हवा. सोनीवर मात्र ५० हा तटस्थ आकडा आहे, तिथे त्याखाली जाऊ नका. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा : सॅमसंगवर ती पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो या नावाने सापडेल. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मध्ये स्वतःच्या मनाच्या चौकटी घुसवतो, म्हणून सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले कण पुसणारी सोय, डिस्क पाहताना बंदच ठेवा, नाहीतर ज्या ग्रेनसाठी डिस्क आणली तोच टीव्ही पुसून टाकेल. वीज वाचवणारा मोडही बंद करा. खोलीत अंधार झाला की तो पडदा आणखी मंद करतो, आणि आपण दोष चित्रपटाला देतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. बहुतेक टीव्ही ही सेटिंग्ज प्रत्येक इनपुटसाठी वेगळी लक्षात ठेवतात, आणि साध्या व एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणाऱ्या) चित्रासाठीही वेगळी. ओटीटी ॲपमध्ये सगळं केलंत तरी डिस्क प्लेअर लावल्यावर पुन्हा विविड उगवेल. एचडीआर चित्र चालू असताना तेही एकदा तपासा.

पायरी ४ : बसायची जागा मोजा

टेप घ्या आणि सोफ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके निरोगी डोळ्याला साधारण सात फुटांपर्यंतच वेगळे ओळखता येतात, ४३ इंचीवर साडेपाच फुटांपर्यंत. त्याहून लांब बसत असाल तर फोर-केचे जादा ठिपके तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. दहा फुटांवर बसून फोर-के प्लॅनचे पैसे भरणारी घरं पुष्कळ आहेत.

पट्टे, चौकोन, मेणाचे चेहरे आणि एचडीआरची झळाळी मात्र लांबूनही दिसतात. म्हणून लांब बसणाऱ्यांसाठी ठिपक्यांपेक्षा बिटरेट मोलाचा. आमच्या घरी बाबा नऊ फुटांवर बसतात. त्यांना साधी ब्लू-रे आणि फोर-के डिस्क यांतला फरक सांगता येत नाही, पण ब्लू-रे आणि ओटीटी यांतला ते डोळे किलकिले न करता सांगतात.

पायरी ५ : ओटीटीची वाट मोकळी करा

आता इंटरनेट. ओटीटीवर चित्रपट ही एक फाईल नसते, जिना असतो. तोच चित्रपट लहान-मोठ्या अनेक बिटरेटमध्ये करून ठेवलेला असतो, आणि ॲप दर काही सेकंदांनी तुमचा वेग पाहून पायरी निवडतं. नेटफ्लिक्सचा असा ठरावीक जिना २०१५पर्यंत २३५ किलोबिटपासून ५८०० किलोबिटपर्यंत होता. त्या वर्षाच्या अखेरीपासून त्यांनी प्रत्येक चित्रपटाचा पोत पाहून वेगळा जिना बांधायला सुरुवात केली. शेजारच्या खोलीत कोणी मोठी फाईल उतरवायला लावली की आपण गुपचूप दोन पायऱ्या खाली येतो. चित्र थांबत नाही, नुसतं मऊ होतं, आणि म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

आधी प्लॅन पाहा. बऱ्याच सेवांचे स्वस्त प्लॅन ४८०पी किंवा ७२०पीवरच थांबतात, आणि फोर-के फक्त सर्वांत वरच्या प्लॅनमध्ये मिळतं. मग खात्याच्या सेटिंगमध्ये 'डेटा युसेज' किंवा 'प्लेबॅक क्वालिटी' शोधा आणि ते 'हाय'वर ठेवा. मावशीकडे हे 'सेव्ह डेटा'वर होतं, कारण खातं आधी भाच्याच्या फोनवर चालायचं.

नंतर यंत्र. कॉपी रोखणारं वाइडवाइन हे कुलूप अँड्रॉइड यंत्रांवर असतं. एल-वन दर्जा असेल तरच एचडी आणि त्यापुढचं चित्र मिळतं. एल-थ्री असलेल्या स्वस्त बॉक्सवर किंवा प्रोजेक्टरवर ४८०पीच्या आसपास अडकाल, मग वर काहीही छापलेलं असो. लॅपटॉपच्या ब्राउझरवरही बऱ्याचदा टीव्ही ॲपपेक्षा कमी दर्जा मिळतो, म्हणून लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडण्यापेक्षा टीव्हीचंच ॲप बरं.

मग वेग. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ मेगाबिटचा वेग सुचवतं. हा वेग टीव्हीपर्यंत पोचायला हवा, राउटरपाशी मोजून उपयोग नाही. टीव्हीच्या ब्राउझरवर नेटफ्लिक्सचं फास्ट डॉट कॉम उघडून रात्री नऊ वाजता मोजा. सगळी सोसायटी तेव्हाच पाहत असते. मावशीचा राउटर लोखंडी कपाटामागे होता. तो कपाटावर ठेवला आणि टीव्ही २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर घेतला, एवढ्याने ९ मेगाबिटचे ६० झाले. केबलही चालेल, फक्त अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं हे ठाऊक असू द्या. चित्रपटासाठी ते पुरून उरतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र रोजच्या दीड-दोन जीबीत फुल एचडी चित्रपट अर्धाही होणार नाही, त्याला पाच-सहा जीबी लागतात.

एवढं करूनही सूत्रं आपल्या हातात नसतात. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा युरोपात नेटफ्लिक्सने बिटरेट उतरवून नेटवर्कवरचा आपला भार सुमारे २५ टक्क्यांनी कमी केला, आणि भारतात ओटीटी कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर ४८०पीच्या वर जायचं नाही असं ठरवलं. तेव्हाच्या परिस्थितीत ते योग्यच होतं. पण डब्यात किती रंग टाकायचा हे दुसरं कोणीतरी ठरवतं, हे त्या दिवसांत लख्ख दिसलं.

सगळ्या सेवा सारख्याही नाहीत. ॲपलच्या टीव्ही ॲपवरचे फोर-के चित्रपट इतरांपेक्षा उंच बिटरेटने येतात. सोनीच्या ब्राव्हिया टीव्हींवर मिळणारी सोनी पिक्चर्स कोअर ही सेवा ८० मेगाबिटपर्यंत जाते, म्हणजे थेट डिस्कच्या पंगतीत. त्यासाठी इंटरनेटही १०० मेगाबिटच्या पुढचं लागतं.

इथपर्यंत आल्यावर वहीतले तीन प्रसंग पुन्हा लावा. चित्र मनासारखं दिसलं तर पुढे खर्च करू नका. आजच्या, डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेल्या स्वच्छ चित्राच्या मालिका चांगल्या फोर-के ओटीटीवर उत्तम दिसतात. त्यांच्यासाठी डिस्क शोधत बसायची गरज नाही.

पायरी ६ : कोणती डिस्क

घरात सगळ्याच चकत्यांना आपण "सीडी" म्हणतो, पण त्या चार वेगळ्या वस्तू आहेत.

व्हीसीडी विसरा. ३५२ गुणिले २८८ ठिपके आणि सेकंदाला सव्वा मेगाबिटही नाही.

डीव्हीडी चित्रासाठी घेऊ नका. हे ठामपणे सांगते, कारण "डिस्क म्हणजे भारी" असं ऐकून लोक डीव्हीडीचे गठ्ठे उचलतात. साधं फुल एचडी ओटीटी डीव्हीडीपेक्षा स्पष्टपणे सरस असतं. आपल्याकडे मिळायच्या त्या थ्री-इन-वन डीव्हीडींची तर गोष्टच नको. ४.७ जीबीच्या एका थरात अडीच तासांचे तीन चित्रपट कोंबले तर सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट वाट्याला येतात. पाल डीव्हीडीत आणखी एक गोष्ट होते : २४ चौकटींचा चित्रपट २५ने पळवतात, त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपतो. तरी डीव्हीडी फेकून देऊ नका. कितीतरी जुने मराठी चित्रपट आणि नाटकं ओटीटीवर सापडत नाहीत. तिथे दर्जाचा प्रश्नच येत नाही, हाती आहे ती प्रत जपायची.

ब्लू-रे २००६ची. एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५०. चित्र १०८०पीच, पण बिटरेट ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. नवख्याने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. डिस्क स्वस्तात, वापरलेली मिळते, आणि चांगली केलेली ब्लू-रे शेजारी ठेवली की बऱ्याच फोर-के ओटीटीचं चित्र पातळ वाटतं. एचडीआर मात्र तिच्यात नाही. दिव्यांची झगमग, सूर्याची तिरीप, गडद लाल अशा ठिकाणी एचडीआर असलेलं ओटीटी पुढे जातं, आणि पोत, ग्रेन, हालचाल यांत ब्लू-रे.

अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजे काळ्या खोक्यातली फोर-के डिस्क, २०१६ची. ५०, ६६ किंवा १०० जीबी, दहा-बिट रंग (म्हणजे जास्त बारीक छटा), एचडीआर, आणि १०० मेगाबिटच्याही वर जायची मुभा. घरी मिळणारं सर्वांत उत्तम चित्र इथे आहे. पण प्रत्येक फोर-के डिस्क खऱ्या फोर-केमधून आलेली नसते. बरेच डिजिटल काळातले चित्रपट स्टुडिओतच टू-केमध्ये, म्हणजे जवळपास फुल एचडीइतक्या ठिपक्यांत, पूर्ण झाले आणि डिस्कसाठी मोठे केले गेले. ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतलेला, मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केलेला जुना चित्रपट फोर-के डिस्कवर पाहा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं चित्र कालच्या चित्रापेक्षा खोल दिसतं आणि आपण गप्प होतो.

आवाजाचं एका ओळीत : डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असा न गाळलेला आवाज असतो, ओटीटीवर सहसा ७६८ किलोबिटपर्यंतचा डॉल्बी डिजिटल प्लस. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर सध्या हा विषय सोडून द्या.

पायरी ७ : प्लेअर, रीजन, केबल

नवा प्लेअर घ्यायच्या आधी घरातला गेमिंग कन्सोल पाहा. सोनीचे प्लेस्टेशन, म्हणजे पीएस-थ्री आणि पीएस-फोर, ब्लू-रे लावतात. डिस्कची खाच असलेला पीएस-फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स फोर-के डिस्कही लावतात. पीएस-फोर प्रोच्या जाहिरातीत फोर-केचा गाजावाजा होता, पण तो फोर-के डिस्क वाचत नाही. साध्या ब्लू-रे प्लेअरलाही फोर-के डिस्क वाचता येत नाही. उलट मात्र चालतं : फोर-के प्लेअर ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही लावतो. प्लेअर बनवणारेही कमी होत चालले आहेत. ओप्पोने २०१८मध्ये थांबवलं, सॅमसंगने २०१९मध्ये. म्हणून वापरलेला पण चालू प्लेअर दिसला तर हातचा घालवू नका.

रीजनमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल या विभागणीत, नवखे हमखास अडकतात. ब्लू-रेसाठी भारत रीजन सी, अमेरिका रीजन ए, युरोप रीजन बी. अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची ब्लू-रे २०१५मध्ये काढली. लंडनमधल्या आगीत होरपळलेल्या निगेटिव्हपासून ते चित्रपट पुन्हा उभे केले होते. ती डिस्क रीजन एची आहे. आपल्याकडच्या साध्या प्लेअरमध्ये घातली तर पडद्यावर फक्त रीजनची सूचना येते. फोर-के डिस्कना रीजनचं बंधन नसतं, त्या कुठल्याही देशातून मागवा. पण त्याच खोक्यात सोबत आलेली साधी ब्लू-रे रीजनची असू शकते.

अमेरिकेतून भाऊ-बहिणीच्या सामानात प्लेअर मागवणार असाल तर आधी त्याच्या पाठीचा फोटो मागवा. तिथे ११०–१२० व्होल्ट एवढंच लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो सरळ लावता येणार नाही. शिवाय तो रीजन एचा असेल, आपल्या डिस्कना नाही म्हणेल. टपालाने मागवलात तर कस्टम शुल्कही धरा.

फोर-के प्लेअरला 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली एचडीएमआय केबल घ्या, फार महाग लागत नाही. आणि टीव्हीवर तो इनपुट पूर्ण क्षमतेने उघडा. सॅमसंगवर याला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, एलजीवर अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीवर एन्हान्स्ड फॉरमॅट. हे बंद राहिलं तर प्लेअर गुमान कमी रंग पाठवतो. पडद्याचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन'वर असू द्या, म्हणजे चित्राच्या कडा कापल्या जाणार नाहीत. सोनीच्या बऱ्याच प्लेअरवर रिमोटचं 'डिस्प्ले' बटण दाबलं की चालू बिटरेट दिसतो. पावसाच्या प्रसंगात तो आकडा वर चढताना पाहा, पायरी १ तिथेच समजेल.

मावशीकडे मी माझा जुना ब्लू-रे प्लेअर लावला. वाड्याचा तोच प्रसंग, तोच कंदील. भिंतीवरचा उजेड यावेळी न तुटता अंधारात गेला, आणि अंधारात कोणीतरी बसलेलं होतं. आदल्या रात्री ती बाई आम्हाला दिसलीच नव्हती. मावशीने रिमोट हातातून घेतला, मागे जाऊन तो प्रसंग पुन्हा लावला.

पायरी ८ : कशासाठी डिस्क घ्यायची

माझा नियम सांगते. जो चित्रपट तिसऱ्यांदा पाहणार आहात त्याची डिस्क घ्या, आणि त्यातही फिल्मवर चित्रित झालेले, अंधारे, धुक्याचे, पावसाचे आधी. विनोदी, घरगुती, उजेडातले चित्रपट ओटीटीवर सोडा. मराठी चित्रपट ब्लू-रेवर अगदी क्वचित येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी पायरी ३ आणि ५ यांवरच मेहनत घ्यावी लागते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे इतकं सुंदर छायाचित्रण होतं, आणि ते घरी दाबलेल्या प्रतीतूनच पाहावं लागतं.

वापरलेली डिस्क घेताना ती तिरपी धरून खिडकीच्या उजेडात पाहा. केसाएवढे ओरखडे चालतात. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून तिला कडक लेप दिलेला असतो. तो लेप ओलांडून गेलेला खोल ओरखडा मात्र डीव्हीडीपेक्षा जास्त नडतो. मधल्या भोकापाशी तडा असेल तर घेऊ नका. घरी आणली की त्याच आठवड्यात सुरुवातीपासून शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत एकदा पूर्ण चालवा. परत देण्याची मुदत संपल्यावर दुसऱ्या तासात अडकणारी डिस्क मी एकदा पदरात घेतली आहे.

पुसायची तर मऊ सुती किंवा चष्म्याच्या कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. उभी ठेवा, खोक्यातच ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि श्रावणात एकदा सगळी खोकी उघडून पाहा. आतल्या कागदाला बुरशी आधी लागते. तो कागद त्याच दिवशी बाहेर काढा.